विहारातले लग्न आणि आमचा नोंदणीचा विसर

वरठीच्या विहारात आजवर कितीतरी मंगल परिणय आमच्या डोळ्यांदेखत पार पडले. पांढरी वस्त्रे, तथागत व बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती, त्रिशरण-पंचशील, वधूवरांच्या प्रतिज्ञा, पुष्पहार, की झाले लग्न! ना मुहूर्त, ना हुंडा, ना भटजी. या साधेपणाचा आम्हाला अभिमान आहे. परंतु या अभिमानाच्या भरात आमच्या हातून एक चूक घडली आणि तिची किंमत आमच्या भाचीला मोजावी लागली. म्हणून हे लिहीत आहोत.

भाची नागपूरला नोकरीला. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर आलेल्या एका इंग्रज तरुणाशी तिची ओळख झाली. जन्म ख्रिस्ती घरातला, पण कळत्या वयात बुद्धाकडे वळलेला. दोन वर्षांनी आमची बहीण डोळ्यांना पदर लावत घरी आली. "भाऊ, पोरगी गोऱ्यासंग लगन करतो म्हणते." जातिअंतावर आम्ही वीस वर्षे व्यासपीठावरून बोलत आलो, आता कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? बहिणीची समजूत काढली. भाचीने मात्र नेमके विचारले, "मामा, कागदपत्रांचं कसं करायचं?" गावातल्या निम्म्या लोकांचे अर्ज आम्हीच भरून देतो. आम्ही मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "ते माझ्यावर सोड."

जावयांना तीन आठवड्यांची रजा. विहारात थाटात लग्न लागले, बौद्धाचार्यांनी दाखला दिला. चौथ्या दिवशी आम्ही नोंदणीला गेलो. तिथल्या बाबूंनी शांतपणे विचारले, "मुलगा बौद्ध आहे याचा काही कागद?"

कागद नव्हता. जावयांनी रीतसर दीक्षा घेतलेलीच नव्हती, आणि त्यांच्या देशात तसा दाखला कोणी मागतही नाही.

आता कायदा असा. आपली लग्ने १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली मोडतात. त्याच्या कलम २ मध्ये बौद्ध, जैन व शीख यांनाही धरले आहे. त्या नावातला 'हिंदू' आपल्याला खुपतो, वेगळ्या बौद्ध विवाह कायद्याची मागणी त्यातूनच पुढे आली. पण तो लागू होण्यासाठी वधू आणि वर दोघेही त्या चौकटीत बसावे लागतात. एकजण ख्रिस्ती ठरला की १९५४ चा विशेष विवाह कायदाच गाठावा लागतो. त्यात दोघांच्या सहीची नोटीस द्यायची. दोघांपैकी एकाचे तरी त्या जिल्ह्यात आधीचे ३० दिवस वास्तव्य हवे. नोटीस फलकावर लागते, आक्षेपासाठी ३० दिवस थांबायचे, आणि मग विवाह अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदारांसह लग्न. नोटिशीपासून तीन महिन्यांत ते झाले नाही तर पुन्हा पहिल्यापासून. भाचीने सुट्टीचा महिना गावीच काढला होता, म्हणजे वास्तव्याची अडचण नव्हती. अडचण रजेची होती. तीन आठवड्यांत तीस दिवस कसे बसवणार? बाबूंचे काही चुकले असे आम्ही म्हणत नाही. चुकले आमचे. आधी विचारले असते तर जावयांनी रजाच त्या हिशेबाने घेतली असती.

आणि आम्हाला लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. खुद्द बाबासाहेबांनी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. शारदा कबीर, म्हणजे पुढच्या माईसाहेब, यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी हे आम्ही दरवर्षी सांगतो!

जावई एकटेच परत गेले. गावात कुजबूज सुरू झाली, "गोरा सोडून गेला." बहिणीने दुकानात जाणे बंद केले. भाची काही बोलत नव्हती, हेच आम्हाला जास्त टोचत होते. नऊ महिन्यांनी ते पाच आठवड्यांची बिनपगारी रजा काढून पुन्हा आले. नोटीस लागली, तीस दिवस सरले, साक्षीदारांत पहिली सही आमची.

पण बिनपगारी रजेने नवा खोडा घातला. ब्रिटनमध्ये जोडीदाराला बोलावणाऱ्याचे उत्पन्न ठरावीक रकमेच्या वर लागते. २०१२ च्या जुलैपासून ती रक्कम वर्षाला १८,६०० पौंड होती, ११ एप्रिल २०२४ पासून २९,००० झाली. नोकरदाराला सहसा सहा महिन्यांची पगारपत्रके जोडावी लागतात. मधला कोरा महिना बघून कोणी शंका काढील या धास्तीने दोघांनी पुढचे सहा महिने भरू दिले. आमच्या एका बेफिकिरीचे असे सव्वा वर्ष झाले. शिवाय व्हिसाची फी वेगळी आणि तिथल्या आरोग्यसेवेचा अधिभार वेगळा. तोच वर्षाला १,०३५ पौंड, एकूण ३,१०५. क्षयरोग नसल्याचे प्रमाणपत्र, इंग्रजीची परीक्षा हेही आलेच.

सर्वांत अवघड कागद मात्र प्रेमाचा. नाते खरे आहे हे दाखवायला फोटो, तिकिटे, फोनवरच्या संदेशांची पाने. लग्नाच्या फोटोंत मंगळसूत्र नाही, सप्तपदी नाही. बघणाऱ्याला ही सभा वाटेल की काय, अशी भीती वाटून भाचीने इंग्रजीत एक पान लिहिले, बौद्ध लग्न कसे लागते ते. संदेश निवडताना ती म्हणाली, "मामा, हे तुम्ही नका वाचू." आम्ही चष्मा काढून ठेवला आणि नुसते पानांचे आकडे घालत बसलो.

हा अविश्वास जुना आहे. जानेवारी १९७९ मध्ये लग्नासाठी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरलेल्या एका ३५ वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची 'कौमार्य तपासणी' झाली. ती आधीच विवाहित असेल असा संशय! वर्तमानपत्रात बोंब झाल्यावर तो प्रकार थांबला. पुढे १९९७ पर्यंत असा नियम होता की लग्नाचा मुख्य हेतू तिकडे स्थायिक होणे हा नाही, हे अर्जदारानेच सिद्ध करायचे. नसलेला हेतू कसा सिद्ध करणार? आपल्या खंडातल्या किती नवऱ्यांचे अर्ज त्यात फेटाळले गेले. त्या मानाने आजचा मार्ग बरा, म्हणजे खर्चिक पण बरा.

बोटांचे ठसे द्यायला भाची भंडारा रोड स्टेशनवरून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला गेली, आम्ही सोबत. फाइल रात्रभर उशाखाली. व्हिसा आला तो दोन वर्षे नऊ महिन्यांचा. त्यानंतर मुदतवाढ, आणि पाच वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज. बहिणीने हिशेब करून विचारले, "म्हणजे अजून कागदच करायचे का बाप्पा?" भाची हसली. त्या सव्वा वर्षात ती आमच्यासमोर हसल्याचे आम्हाला आठवत नाही.

आता नोटिशीचे कोरे नमुने आम्ही विहाराच्या कपाटात ठेवले आहेत. मागच्या रविवारी शेजारच्या गावचा एकजण लग्नाची तारीख धरायला आला. आम्ही लगेच विचारले, "नोंदणीचं काय ठरलं?" तो म्हणाला, "भाऊ, आधी जयभीम तरी घ्या!"