वरूनच बंद आहे

घाटनांदूर आणि आसपासच्या गावांत गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक वाक्य फार रुळले आहे. बँकेत पासबुक भरायला गेलेल्या म्हाताऱ्याला ते ऐकू येते, स्वस्त धान्य दुकानाच्या दारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईला ऐकू येते, परीक्षेचा अर्ज भरायला आलेल्या विद्यार्थ्यालाही ऐकू येते. ‘वरूनच बंद आहे.’ कधी त्याआधी ‘लिंक नाही’ किंवा ‘सर्व्हर डाऊन’ असा उपोद्घात असतो. पण बोलणारा समेवर येतो तो याच तीन शब्दांवर.

मराठी शिकवणाऱ्या माणसाचे लक्ष त्यातल्या ‘च’कडे जाते. व्याकरणात आपण त्याला शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणतो आणि पुढे जातो. इथे मात्र हे एवढेसे अक्षर पुढच्या सगळ्या प्रश्नांचे दार लावून घेते. कुठून वर? किती वर? कोणी बंद केले? असे विचारायची सोयच उरत नाही. मराठवाड्यात पाऊस वरून येतो, हुकूमही वरून येतो; त्या दोहोंच्या पंगतीला आता सर्व्हर येऊन बसला आहे. रांगेतला माणूस आकाशाकडे पाहावे तसे खिडकीकडे पाहतो आणि ‘उद्या येतो’ म्हणून परत फिरतो. मला अस्वस्थ करते ते हे निमूट परतणे.

संगणकाच्या जगात या निमूटपणाला फार जुना आणि फार साधा असा एक उतारा आहे: वापरकर्त्यांचा गट. १९५५ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरात आयबीएमची ७०४ ही अवाढव्य यंत्रे घेणाऱ्या मंडळींनी ‘शेअर’ नावाचा असा गट स्थापन केला. त्यांत विमाने बनवणाऱ्या कंपन्या होत्या, एरवी एकमेकींच्या स्पर्धक. तरीही एकाने लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याला द्यावा, एकाला आलेली अडचण दुसऱ्याने ऐकावी, आणि सगळ्यांनी मिळून यंत्र बनवणाऱ्याला जाब विचारावा, एवढे त्यांना पटले होते. पुढे ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क येथे एका घराच्या गॅरेजमध्ये ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ची पहिली बैठक झाली. तिथे कंपन्या नव्हत्या, हौशी माणसे होती. अॅपलचा पहिला संगणक स्टीव्ह वॉझ्नियाकने दाखवला तो याच क्लबातल्या सोबत्यांना.

आपल्याकडे या परंपरेचे एक ठळक उदाहरण पुण्याचे. लिनक्स वापरणाऱ्यांचा तिथला गट ‘प्लग’ या नावाने ओळखला जातो आणि सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत त्याच्या मासिक बैठका अनेक वर्षे भरत आल्या आहेत. २००८ च्या सुमारास उजळणी वर्गासाठी पुण्यात असताना हिंजवडीत नोकरी करणारा एक वर्गमित्र मला तिथे घेऊन गेला. शेकडो माणसांच्या कार्यालयाची टपाल-व्यवस्था एका सर्व्हरवर कशी चालवावी, तो कोसळला तर दुसऱ्याने त्याची जागा कशी घ्यावी, असले विषय. मला त्यातले चौथाईही समजले नसेल. पण एक गोष्ट मनात राहिली. चांगल्या पगाराचे, जाणते लोक उभे राहून ‘हे मला कळत नाही’ असे चारचौघांत म्हणत होते आणि कोणी हसत नव्हते. आमच्या विद्वत्सभांतून हे वाक्य मी क्वचितच ऐकले आहे.

खेड्यापर्यंत मोठ्या प्रणाली पोहोचल्या, त्या मात्र या बैठकीविना. क्रम आठवून पाहावा. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याभोवतालची सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. पुढे काही वर्षांनी तिथल्या संगणकांची जागा मोबाइलवरील लघुसंदेशांनी घ्यावी का, याचा प्रयोग झाला. १९९९ पर्यंत रेल्वेची दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही आरक्षण केंद्रे एकमेकांशी जोडली गेली. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि ‘एमएससीआयटी’ हा शब्द तालुक्यातालुक्यांतल्या पाट्यांवर झळकला. मग बँकेची खाती शाखेतून उठून मध्यवर्ती ठिकाणी गेली, रेशनला अंगठा आला, १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला. कुठेतरी दूर एकच मोठी नोंदवही आणि गावोगाव तिच्या हजारो खिडक्या, अशी ही रचना. अभ्यासक्रमाने आम्हांला कळफलक शिकवला, तक्ते भरायला शिकवले. खिडकी आणि नोंदवही यांच्या दरम्यान काय असते, हे मात्र कोणी सांगितले नाही.

वास्तविक घाटनांदूरच्या माणसाला जाळे म्हणजे काय हे नवे नाही. आमचे स्थानक परळी-विकाराबाद मार्गावरचे, सिकंदराबाद विभागातले. पुढच्या स्थानकाकडून ‘लाईन क्लिअर’ मिळाल्यावाचून गाडी सुटत नाही, हे फलाटावर खेळलेल्या पोरालाही ठाऊक असते. गाडीला उशीर झाला की आमच्याकडे ‘वरूनच बंद आहे’ असे कोणी म्हणत नाही. ती कुठे अडली, कोणत्या गाडीला वाट द्यायला थांबली, याची चर्चा फलाटावरच होते. रेल्वेचे जाळे आम्ही समजून घेतले आहे, कारण त्याची स्थानके आम्हांला नावाने माहीत आहेत.

या विचारातून २०२२ साली आम्ही सहा-सात जण महिन्यातून एका रविवारी बसू लागलो. जागा एका खासगी शिकवणीची खोली. मंडळी अशी: ऑनलाइन अर्ज भरून देणारा एक तरुण, संगणक शिकवणाऱ्या एक मॅडम, दूरध्वनीच्या तारा ओढण्यात हयात घालवलेले निवृत्त लाईनमन काका, एक निवृत्त रोखपाल, दोन विद्यार्थी आणि मी. नियम एकच: जे कळत नाही तेच आधी बोलायचे.

पहिले दोन रविवार ‘पिंग’ आणि ‘ट्रेसराउट’ यांत गेले. ‘पिंग’ ही १९८३ साली माइक म्यूस यांनी लिहिलेली छोटी आज्ञावली. ती दूरच्या यंत्राला हाक मारते आणि ओ येते का, किती वेळात येते, ते सांगते. ‘ट्रेसराउट’ त्याहून चतुर. ती निरोपाला मुद्दाम एकाच मुक्कामाचे आयुष्य देऊन पाठवते. तो पहिल्या मुक्कामाला संपतो आणि तिथले यंत्र तसे कळवते. मग दोन मुक्कामांचे आयुष्य, मग तीन. अशा रीतीने वाटेतल्या मुक्कामांची यादी हाती येते. काही ठिकाणी नुसते तारे दिसतात. लाईनमन काका लगेच म्हणाले, “सर, इथंच तुटलंय बघा.” मॅडमनी समजावले, “नाही काका, काही मुक्कामांना उत्तर द्यायची परवानगीच नसते. पुढच्या मुक्कामाचं उत्तर आलंय ना, मग वाट चालू आहे.”

त्यानंतर एक वही केली. ‘वरूनच बंद आहे’ हे वाक्य ज्याला जिथे ऐकू येईल त्याने वार, वेळ, वीज होती का, शेजारच्या फोनवर इंटरनेट चालू होते का, एवढे लिहायचे. काही महिन्यांनी वही वाचली तेव्हा त्या एका वाक्याखाली निदान चार वेगळी दुखणी निघाली. कधी वीज गेलेली असे आणि गावातल्याच मनोऱ्याखालची बॅटरी दम सोडून बसलेली असे. (परळीचे औष्णिक केंद्र इतके जवळ, तरी विजेचे हे रडगाणे आम्हांला जुनेच.) कधी रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल उखडलेली असे. कधी अर्जाची शेवटची तारीख असल्याने साऱ्या राज्याची गर्दी एकाच दारावर लोटलेली असे. हे एकच दुखणे खऱ्या अर्थाने ‘वरचे’. आणि कधी काहीच बंद नसे.

हा चौथा प्रकार सर्वांत जिव्हारी लागणारा. ऊसतोडीत कोयता चालवून बोटांच्या रेषा झिजलेल्या बाईचा अंगठा यंत्र ओळखत नाही. यंत्र तसे सांगते, पण इंग्रजीत. दुकानाच्या दाराशी त्याचे भाषांतर ‘वरूनच बंद आहे’ असे होते. ओळख पटवण्याचे अन्य मार्ग नियमांत आहेत, हे त्या बाईपर्यंत पोहोचतच नाही.

आमच्या एका विद्यार्थिनीचा शिष्यवृत्तीचा अर्ज असाच बारा दिवस अडला होता. रोज तेच उत्तर. बैठकीला तिला बोलावले, पडद्यावरची लाल ओळ सगळ्यांनी मिळून वाचली. तिच्या नावातला दीर्घ ईकार आधारवर रोमन ‘आय’ने लिहिला होता आणि गुणपत्रिकेवर दोन ‘ई’ जोडून. देवनागरीत दोन्हीकडे नाव निर्दोष होते. ऱ्हस्व-दीर्घावरून आयुष्यभर विद्यार्थ्यांचे गुण कापणाऱ्या मला त्या क्षणी काय वाटले, ते लिहीत नाही. दुरुस्ती झाली, पण मुदत टळून गेली होती. त्या वर्षीची शिष्यवृत्ती बुडाली, पुढच्या वर्षीची मिळाली. पहिल्याच दिवशी ती ओळ कोणी वाचून दाखवली असती तर अकरा दिवस हाताशी होते. तिच्या वडिलांच्या हिशेबात त्या रकमेचा अर्थ काय, हे ऊसतोडीची उचल घेणारी घरे जाणतात.

अशा बैठकीने केबल जोडली जात नाही, बॅटरी बदलली जात नाही, हे मला मान्य आहे. उद्या कोणी म्हणेल, सहा माणसांनी फळ्यावर रेघा ओढून काय साधले? साधले ते इतकेच की तक्रार नेमकी झाली. ‘नेट चालत नाही’ या तक्रारीला पत्ता नसतो. ‘वीज गेल्यावर वीस मिनिटांत अमुक मनोरा बंद पडतो’ या तक्रारीला असतो. ती तक्रार आम्ही तीनदा लेखी दिली. तिसऱ्या खेपेस माणूस आला.

आणि हे सारे मराठीत झाले. ‘राउटर’, ‘सर्व्हर’ हे शब्द आम्ही तसेच ठेवले. त्यांच्यासाठी संस्कृत प्रतिशब्द घडवत बसलो नाही. भोवतीचे वाक्य मराठी असले, म्हणजे झाले. आमच्या तालुक्याला या बाबतीत फार मोठा वारसा आहे. शके १११० मधला ‘विवेकसिंधु’ रचणाऱ्या मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईची, आणि लांबलचक कापडावर आकृत्या काढून पंचीकरण समजावणारी दासोपंतांची पासोडीही तिथलीच. अवघड विषय लोकांच्या भाषेत, चित्र काढून सांगावा, ही रीत इथे जुनी आहे. जुन्या दिनदर्शिकांच्या पाठीवर गावचे जाळे काढताना मला ती पासोडी वारंवार आठवते.

पुढच्या बैठकीचा विषय एका शेतकऱ्याने दिला आहे. तो सहज म्हणून येऊन बसला होता. जाताना त्याने विचारले, “सर, पहिले माझा सातबारा तलाठी अप्पाच्या दप्तरात ऱ्हायचा. आता तो नेमका कुठं असतो ओ?” मोठमोठ्या कंपन्यांचे तंत्रज्ञ ज्याला साठवण आणि राखीव प्रत म्हणतात, त्या विषयाला याहून नेमका मथळा मला सुचला नाही. फळ्यावर तोच लिहून ठेवला आहे.