चार खोकी, तीन ऋतू

परभणीत प्लॅस्टिकची विमाने आणि रणगाडे जोडत बसणारा माणूस भेटला की लोक आधी त्याचे वय विचारतात. मी महाविद्यालयात शिकवतो, पन्नाशीकडे झुकलो आहे. वसमत रोडच्या बाजूला घर आहे आणि मागच्या खोलीतल्या टेबलावर एका वेळी चार किट उघडी असतात. पुढचा प्रश्न त्यावरूनच येतो. शेजारचे काका खिडकीतून डोकावून म्हणतात, "सर, एक पुरं करून मग दुसरं घ्या की. चार-चार कशाला करायलात?"

आधी चार कोणती ते सांगतो. नॅट, हंटर आणि टेम्पेस्ट ही विमाने १:७२ प्रमाणातली, आणि सेंच्युरियन रणगाडा १:३५ मधला. चारही मूळची ब्रिटिश बनावटीची, पण मी ती निवडली ती आपल्या इतिहासासाठी. नॅट खऱ्यातही लहानच, लांबी नऊ मीटरच्या आत. मॉडेल बारा सेंटिमीटरचे होते, तळहातावर मावते. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानच्या सेबर विमानांशी झुंजल्यामुळे त्याला 'सेबर स्लेअर' असे नाव पडले. हंटर विमानांनी डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवालाच्या वाळवंटात पाकिस्तानी रणगाडे टिपले. टेम्पेस्टचा संबंध थेट आमच्या मुलखाशी आहे. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती आणि सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईत भारतीय हवाई दलाने टेम्पेस्ट विमाने वापरली. सेंच्युरियन आहे तो लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर यांच्यासाठी. मुंबईत जन्मलेला, पुण्यात शिकलेला हा माणूस आधी हैदराबाद संस्थानाच्या फौजेत अधिकारी होता, पुढे पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचा प्रमुख झाला. १६ सप्टेंबर १९६५ रोजी सियालकोट आघाडीवर त्यांना वीरमरण आले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. निजामाच्या राज्यावरून उडालेले विमान आणि निजामाच्या फौजेतून पुढे आलेल्या अधिकाऱ्याचा रणगाडा माझ्या टेबलावर शेजारी-शेजारी असतात.

आता काकांच्या प्रश्नाचे उत्तर. या छंदात हात चालतो त्यापेक्षा थांबावे जास्त लागते. मॉडेलचा पातळ सिमेंट हा फेविकॉलसारखा चिकटत नाही. तो पॉलिस्टायरिन विरघळवतो आणि दोन भाग एकमेकांत वितळून एक होतात. सांधा तासाभरात पक्का वाटतो, पण आतले प्लॅस्टिक अजून मऊ असते. त्यावर लगेच वॉटर पेपर फिरवला तर दोन दिवसांनी सांधा आत बसतो आणि रंगाखाली रेघ उमटते. फटी भरायला मी गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडे मिळते ती पुटी वापरतो. तीही वाळताना आकसते, म्हणून पातळ थर द्यायचा, थांबायचे, पुन्हा द्यायचा. एनॅमल रंगाला तर रात्रभरही पुरत नाही. टेबलावर एकच किट असेल तर माणूस घाई करतो. चार असली की हंटरचा सांधा मुरेपर्यंत सेंच्युरियनची चाके घासून होतात. त्या रणगाड्याला दोन्ही बाजूंना चाकांच्या सहा-सहा जोड्या, म्हणजे चोवीस चाके, आणि प्रत्येकाच्या कडेवर साच्याची बारीक रेघ असते. एका बैठकीत ती घासायला बसलो तर छंदाचा वीट येईल. दुसऱ्या कशाची तरी वाट पाहताना चार-चार केली की कधी संपली ते कळत नाही.

दुसरे कारण परभणीची हवा. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांपुढे जातो. तेव्हा एअरब्रशमधून निघालेला अॅक्रिलिक रंग पृष्ठभागावर पोचेपर्यंत हवेतच वाळतो. विमान गुळगुळीत होण्याऐवजी खरखरीत होते आणि सुईच्या टोकाशी रंगाची गाठ बसते. वाळायला उशीर लावणारा द्रव मिसळून पहाटे थोडे काम होते, पण एकूण उन्हाळा हा कापण्याचा, घासण्याचा आणि जोडण्याचा. बंद खोकीसुद्धा मी पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवत नाही. तिथल्या उष्णतेत पातळ पंख वाकू शकतात.

पावसाळ्यात अडचण उलटी. थिनरवाला लॅकर रंग झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतली वाफ त्यावर धरते आणि रंग पांढुरका होतो. म्हणून जून ते सप्टेंबर फवारणी जवळजवळ बंद. पण हेच दिवस डिकल लावायला चांगले. पाण्यात भिजवून सरकवायची ती चित्रे उन्हाळ्यात जागेवर बसण्याआधीच सुकतात, पावसाळ्यात ती हलवायला सवड मिळते. फक्त पाणी बोअरचे नको, क्षारांचे पांढरे डाग राहतात. मी पिण्याचे फिल्टरचे पाणी घेतो. आणि डिकलखाली चकचकीत वार्निशचा थर आधीच हवा, नाहीतर खरखरीत रंगात हवा अडकून पारदर्शक कडा चंदेरी दिसतात. तो थर पाऊस यायच्या आत द्यावा लागतो, म्हणजे पावसाळ्यात कोणते विमान डिकलला येणार हे हिवाळ्यातच ठरते.

दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत रंगाचे दिवस. सकाळी थंडी फार असते, कधी पारा दहाच्या खाली जातो, म्हणून मी दुपारी खिडकी उघडून, पंखा बाहेरच्या दिशेने लावून आणि तोंडाला मास्क बांधून बसतो. या दिवसांत वीज गेली की एअरब्रशचा कंप्रेसर बंद पडतो. तेव्हा ब्रश घेऊन रणगाड्यावरची कुदळ-फावडी नि दोरखंड रंगवायचे. रणगाडा टेबलावर असण्याचा हा मोठा फायदा. विमानाला फवारा लागतो, रणगाड्याचे बरेचसे काम हातावर होते.

आमच्याकडचा शेतकरी सोयाबीनच्या ओळींमध्ये तूर पेरतो. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास निघते, तूर पुढे उभी राहते आणि जमीन दोन्ही वेळा कामी येते. काकांना मी हेच सांगितले. ते म्हणाले, "मग असं सांगा की आंतरपीक घ्यायलात." त्यानंतर तो प्रश्न त्यांनी विचारला नाही.

सोयीसाठी काही कामे मी एकत्र करतो. तिन्ही विमानांच्या कॉकपिटमधला काळा एकाच दिवशी, टायरचा काळसर राखाडीही त्याच दिवशी. एअरब्रश धुवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एक पूर्ण कॉकपिट रंगून होते, म्हणून एका रंगात जेवढे उरकेल तेवढे उरकायचे. चंदेरीचे मात्र वेगळे. नॅटसाठी आधी चकचकीत काळा थर द्यायचा, मग चंदेरी. हा रंग प्रत्येक ओरखडा दाखवतो, म्हणून त्या दिवशी टेबलावर दुसरे काही ठेवत नाही.

खोकी मिसळू नयेत म्हणून प्रत्येक झाकणाच्या आत एक चिठ्ठी असते. तिच्यावर फक्त पुढचे एक काम लिहायचे: 'डाव्या पंखाच्या मुळाशी पुटी, दुसरा थर'. परीक्षेच्या पेपरांमुळे महिनाभर खोलीत जाणे झाले नाही तरी चिठ्ठी वाचून पाच मिनिटांत काम सुरू होते. काढलेले बारीक भाग झिपच्या पिशवीत, पिशवीवर किटचे नाव.

चारपेक्षा जास्त उघडायची नाहीत, हा नियम मात्र कडक आहे. एक कपाटात गेल्याशिवाय पाचवे उघडत नाही. मोह कमी नसतो, कारण किट आता हवे तेव्हा मिळत नाही. सीमाशुल्काच्या यादीत ही मॉडेल्स खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. खेळण्यांवरचे आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक चिन्हही बंधनकारक झाले. त्यामुळे दिसले ते घेऊन ठेवायची सवय लागते आणि घरात बंद खोकी वाढत जातात. बंद खोकी वाढली तरी चालेल, उघडी वाढता कामा नयेत. पाच झाली की चिठ्ठ्या बदलायच्या थांबतात, हे मी ओळखून आहे.

महाविद्यालयातल्या एका तरुण सहकाऱ्याने परवा विचारले, "सर, सुरुवात करायची तर कोणतं किट घेऊ?" मी त्याला दोन घ्यायला सांगितले, एक लहान विमान आणि एक रणगाडा. विमान वाळत पडले की रणगाडा हातात घ्यायचा. महिन्याअखेर 'किती पूर्ण झाली' हे मोजायचे नाही, दोन्ही झाकणांतल्या चिठ्ठ्या बदलल्या का एवढेच बघायचे. त्याने रणगाडा मागवला आहे. विमानासाठी थंडीची वाट पाहतो म्हणाला, तेव्हा मी त्याला आठवण करून दिली की कापायला आणि जोडायला थंडी लागत नाही.