हेड न उतरवता

खोलल्याशिवाय सांगता येत नाही, हे वाक्य आमच्या घरात रोज बोललं जायचं. बाबा डिझेल इंजिनाचे मिस्त्री. अंजनगाव सुर्जीच्या आसपास संत्र्याच्या बागा, पानमळे, पानपिंपळीचे मळे, आणि माझ्या लहानपणी बहुतेक विहिरींवर इंजिन. विजेचा भरवसा कोणी धरत नसे. संत्र्याच्या आंबिया बहराचा ताण जानेवारीत पाणी देऊन तोडायचा असतो. नेमकं तेव्हाच इंजिन काळा धूर ओकायला लागलं, की वावरातून माणूस सायकल हाणत दारात यायचा.

बाबा पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवत आणि मूठ कानाशी धरत. व्हॉल्व्ह वाजतोय की पिस्टन, हे ते तेवढ्यावर सांगायचे. पण सिलिंडरच्या लायनरवर ओरखडे आहेत का, पिस्टनच्या माथ्यावर काय जमलंय, हे कानाला कळत नाही. त्यासाठी इंजिनाचं हेड उतरवायचं. हेड उतरलं की गॅस्केट बदलणं आलं. शिवाय मजुरी, तालुक्यातून सामान आणायची धावपळ, आणि तोवर बाग तहानलेली. कधी सगळं उतरवल्यावर लायनर ठणठणीत निघायचं. मालक काही बोलायचा नाही, पैसे मोजून द्यायचा. त्या न बोलण्याने बाबांची रात्रीची झोप उडायची, हे मी पाहिलंय.

पुढे बाबांच्या पोटाचं दुखणं निघालं. अमरावतीला नेलं, डॉक्टरांनी घशातून दुर्बीण टाकली. आतली जखम पडद्यावर दाखवली, बाबांना आणि मलाही. परत येताना एसटीत बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पाह्य, त्यानं हेड न उतरवता पाह्यलं. आपल्याले असं काही भेटत नाही काय?"

यंत्रांची दुर्बीण तेव्हाही होती, आमच्यापर्यंत पोचली नव्हती एवढंच. तिला बोरस्कोप म्हणतात. फिलाडेल्फियाच्या डॉ. जॉर्ज क्रॅम्प्टन यांनी १९२१ साली वेस्टिंगहाउस कंपनीसाठी तशी एक नळी तयार केली होती, वाफेच्या टर्बाइनचा रोटर आतून पाहायला. आमच्या गावावरून पूर्वी जाणाऱ्या शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिनही १९२१ सालचं, मँचेस्टरला घडलेलं. ते १९९४ च्या एप्रिलपर्यंत मूर्तिजापूर–अचलपूरच्या बाजूला धावत होतं, त्यामुळे मला ही दोन्ही यंत्रं एका वयाची म्हणून जवळची वाटतात. क्रॅम्प्टन यांच्या त्या जुन्या धर्तीच्या नळ्या सरळ आणि ताठ असत. त्या वाकवायच्या कशा, याचं उत्तर काचेच्या तंतूंनी दिलं. पंजाबातल्या मोग्यात जन्मलेले नरिंदर सिंग कपानी आणि त्यांचे लंडनमधले गुरू हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ साली 'नेचर'मध्ये दाखवून दिलं, की तंतूंच्या जुडग्यातून चित्र वळणं घेत पुढे नेता येतं. तीन वर्षांनी बेसिल हर्शोविट्झ या डॉक्टरांनी तशी दुर्बीण आधी स्वतःच्या घशात उतरवली. बाबांच्या पोटापर्यंत पोचलेला रस्ता हा असा आहे. या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

आता तारेच्या टोकालाच इवलासा कॅमेरा असतो, भोवती बारीक दिवे, आणि पडदा म्हणजे आपला मोबाइल. ऑनलाइन मागवलेली माझी पहिली तार आली तेव्हा बाबा थकले होते, पण खुर्ची ओढून बसले. मी नोझल काढलं, तार आत सोडली, आणि आयुष्यभर ज्या पिस्टनांवर काम केलं त्यातला एक त्यांनी जागेवर बसलेला पाहिला. त्यानंतर आमचा एक नेमच झाला. आधी ते पेचकस लावून सांगायचे, मग मी तार घालायचो. बहुतेक वेळा त्यांचंच खरं निघायचं.

एक काकू ट्रॅक्टर घेऊन आल्या होत्या. काका गेल्यावर शेती त्याच पाहतात. ट्रॅक्टर ओढत नव्हता, धूर काळा. दुसरीकडे त्यांना सांगितलं होतं की इंजिन पूर्ण करावं लागेल, रिंगा, लायनर, सगळं. मी नोझल काढलं आणि चाक फिरवून पिस्टन खाली नेला. लायनरवर होनिंगच्या तिरप्या रेघा अजून स्वच्छ दिसत होत्या. माथ्यावर मात्र नोझलच्या खाली ओला काळा डाग. "काकू, तुम्हीच पाहा," म्हणून मोबाइल त्यांच्या हातात दिला. एकेक सिलिंडर त्यांनी नीट पाहिला. मग विचारलं, "म्हणजे नोझल ठिपकते काय, भाऊ?" मी काहीच सांगितलं नव्हतं. नोझल टेस्टिंगला गेलं, इंजिन खोललं नाही. मला या वस्तूचं मोल इथे वाटतं. पैसे देणाऱ्याने मिस्त्रीच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवायची गरज उरत नाही.

गावात ही तार इंजिनापुरती राहिली नाही. संत्र्याच्या खोडाला साल खाणारी अळी लागते. रात्री साल खाते, दिवसा बेचक्यातल्या वीतभर भोकात लपते, तोंडाशी भुश्याची जाळी. लोक साधी तार खुपसतात, रॉकेलचा बोळा घालून चिखलाने भोक लिंपतात. भोक पुरेसं मोठं असलं तर आधी आत पाहता येतं, अळी आहे की निघून गेली. जुन्या घराच्या सागवानी सरांत वाळवी किती आतवर गेली, तेही दिसतं. बोअरमध्ये मात्र ही तार घालू नये. आमच्या पट्ट्यात बोअर शेकडो फूट खोल, त्याचा कॅमेरा निराळा.

आणि ही कॅमेऱ्याची तार फसवतेही. जवळून पाहिल्यावर साधा ओरखडा नाल्याएवढा दिसतो, म्हणून शेजारी माहीत असलेल्या जाडीची साधी तार धरावी. गरम इंजिनात घातली की कॅमेरा जळतो. नोझलच्या भोकातून आठ मिलिमीटरचं डोकं अडतं तिथे साडेपाचचं जातं, तेव्हा घेताना बारीक घ्यावी. दाब किती आहे हे ती सांगत नाही, त्याला गेजच लागतो.

माझ्याकडे शिकणाऱ्या पोरांना मी लायनर चारही बाजूंनी पाहायला लावतो. फोटो मालकाच्या मोबाइलवर जातो, तारीख आणि इंजिनाचे तास वहीत. पुढच्या हंगामात तोच ट्रॅक्टर आला की जुना फोटो शेजारी ठेवून झीज पाहतो, आणि खोलायचं की नाही ते मालक आणि आम्ही मिळून ठरवतो.