सही नसलेला हात

माझ्या घरी जी थोडी मुद्राचित्रं आहेत, ती माझ्याच पगारातून घेतलेली. पण ती निवडायची नजर मला आमच्या सोसायटीतल्या काकांनी दिली. काका चित्रकार नव्हते. एका कला महाविद्यालयाच्या ग्राफिक विभागात प्लेटा पुसणं, ओला कागद बसवणं आणि प्रेसचं चाक फिरवणं यात त्यांची नोकरी सरली. निवृत्तीनंतरही नखांच्या कडांतली शाई काही गेली नव्हती.

गॅलरीच्या किंमतपत्रकात एचिंग, ॲक्वाटिंट, सेरिग्राफ, जिक्ले असे शब्द असत. मी तो कागद काकांपुढे ठेवायचे. ते चष्मा कपाळावर चढवून एकच प्रश्न विचारत, "प्लेट कशाची?"

जिक्लेला प्लेटच नसते. आधीच रंगवलेल्या चित्राचा फोटो घेऊन चांगल्या इंकजेट यंत्रावर काढलेली ती प्रत, असं बहुतेकदा असतं. "वाईट नाही गं," काका म्हणत, "पण खाली पेन्सिलीने २१०/५०० असा प्रतीचा नंबर लिहिला म्हणून ते एचिंग होत नाही. एचिंगचं मूळ चित्र वेगळं कुठे ठेवलेलं नसतं. कागदावर उतरतं तेच मूळ."

एचिंगवर आले की काकांना वेळेचं भान राहत नसे. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने रेघा ओढायच्या, पत्रा नायट्रिक ॲसिडमध्ये सोडायचा. धातू जिथे उघडा पडला तिथेच ॲसिड खातं. जास्त वेळ ठेवला तर रेघ खोल आणि काळी. मग शाई भरायची आणि मलमलीने वरची पुसून काढायची. काकांची खरी मास्तरकी इथे होती. जरा जास्त पुसलं की चित्र पांढरं पडतं, कमी पुसलं की मळकट दिसतं. दाबाखाली ओला कागद खाचेत शिरून शाई उचलतो, म्हणून रेघ किंचित उठावदार लागते आणि चित्राभोवती पत्र्याची कड कागदात दबलेली राहते. "बोट लावू नकोस. तिरक्या उजेडात धर, दिसेल."

ड्रायपॉइंटमध्ये ॲसिड नाही, पत्रा थेट सुईने ओरबाडतात. रेघेच्या काठाशी धातूची किनार उठते, ती शाई धरते आणि रेघ मखमली दिसते. ही किनार प्रेसच्या दाबाखाली लवकर बसते. त्यामुळे ड्रायपॉइंटच्या आवृत्त्या लहान असतात आणि सुरुवातीच्या प्रती जास्त मोलाच्या. मात्र नंबर छापल्याच्याच क्रमाने घातलेत याची खात्री नसते, म्हणून आकड्यापेक्षा रेघ बघायची.

आजीकडून आलेल्या रविवर्म्याच्या लक्ष्मीवर काकांनी भिंग धरलं तो दिवस मला फार मोलाचा वाटतो. आजच्या ऑफसेट कॅलेंडरात ठिपके शिस्तीत, जाळीसारखे बसलेले असतात. लक्ष्मीच्या गालावरचे ठिपके वेडेवाकडे होते, लहानमोठे. ते छपाईच्या दगडावर कुणीतरी हाताने टिपलेले होते, आणि प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड. रविवर्म्याने १८९४मध्ये मुंबईत काढलेला छापखाना पुढे मळवलीला गेला, तिथे फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला, हे मी वाचलं होतं. ठिपके टिपणाऱ्यांबद्दल मात्र मी कधी विचार केला नव्हता. काका म्हणाले, "आमच्यातलेच असणार कोणी."

हे ते कडवटपणे म्हणाले नाहीत. पण त्यांनी छापलेली चित्रं लोकांच्या दिवाणखान्यांत लागली आहेत आणि त्यांतल्या एकावरही त्यांचं नाव नाही. नंबर, शीर्षक, सही हे सगळं चित्रकाराचं. तो हिशेब मला आजही पटत नाही. छापणाऱ्यासाठी एक प्रत बाजूला काढायची, तिच्यावर 'पी.पी.' म्हणजे प्रिंटर्स प्रूफ असं लिहायचं, अशी रीत अनेक छापशाळांत आहे. "आमच्याकडे नव्हती," काका म्हणाले आणि चहा मागितला.

शिकवल्याबद्दल त्यांनी माझ्याकडून काही घेतलं नाही. दिवाळीच्या फराळातल्या चकल्या तेवढ्या आवडीने खाल्ल्या. आता ते नाहीत. हल्ली मुद्राचित्र घेताना मी तंत्र, आवृत्ती, कागद हे सगळं विचारून झालं की बिलावर छापणाऱ्याचंही नाव लिहून मागते. काउंटरवरची मुलगी गोंधळते, मग चित्रकाराला फोन लावते. पलीकडून नाव येईपर्यंत मी पैसे देत नाही.