रोंशाँच्या टेकडीवरील जुने दगड

रोंशाँच्या प्रार्थनामंदिराचे छायाचित्र चित्रकलेच्या तासाला आमच्या वर्गात फिरले, तेव्हा कोणी त्याला उलटी घातलेली होडी म्हणाले, तर कोणी पावसाळ्यातले भूछत्र. कळस नाही, कमान नाही, सरळ उभी राहिलेली एक भिंतही नाही. वर करड्या काँक्रीटचे फुगीर छप्पर आणि खाली पांढऱ्याशुभ्र वाकड्या भिंती! सौंदर्य म्हटले की आम्हां बडोदेकरांच्या डोळ्यांपुढे लक्ष्मीविलास राजवाड्याचे घुमट आणि नक्षीदार सज्जे उभे राहतात. त्या डोळ्यांना ही वास्तू एकदम रुचावी, अशी अपेक्षा कोणी करू नये. परंतु तिची हकीकत जसजशी कळत गेली, तसतसे ते चित्र आम्हांला खाली ठेववेना.

फ्रान्सच्या पूर्वभागात रोंशाँ नावाचे गाव आहे. त्याच्या डोक्यावरील बुर्लेमाँ टेकडीवर मेरीमातेच्या दर्शनाला यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या येत असत. १९४४ साली महायुद्धाच्या धुमश्चक्रीत तेथील मंदिर उद्ध्वस्त झाले. नवे मंदिर बांधावयाचे ठरले, तेव्हा ते काम ल कॉर्बुझिए या वास्तुशिल्पज्ञाकडे आले. हा गृहस्थ धर्माचरणी नव्हता. त्याने प्रथम नकारच दिला. पुढे मोठ्या आग्रहाने तो टेकडीवर गेला, चारी दिशांची क्षितिजे त्याने न्याहाळली आणि तेथेच त्याची लेखणी चालू लागली. छपराची कल्पना त्याला सुचली ती खेकड्याच्या कवचावरून. अमेरिकेच्या समुद्रकिनाऱ्यावर १९४६ साली वेचलेले ते कवच त्याच्या मेजावर पडून होते. १९५५ च्या २५ जूनला मंदिराचे उद्घाटन झाले.

टेकडीवर अवजड सामान चढविण्यास धड रस्ता नव्हता. जुन्या मंदिराचे दगड मात्र तेथेच विखुरलेले होते, युद्धाच्या आगीने आणि माऱ्याने खिळखिळे झालेले. भिंतीत भरावयास ते चालण्याजोगे होते, पण छपराचा भार त्यांच्यावर टाकणे धोक्याचे. दुसऱ्या कोणी तो राडारोडा उतारावरून ढकलून दिला असता. ल कॉर्बुझिएने भिंतींच्या पोटात काँक्रीटचे खांब उभे केले, सारा भार त्यांवर सोपविला आणि जुने दगड त्यांच्याभोवती रचून वर गिलावा केला. जायबंदी झालेल्या वडीलधाऱ्यांच्या खांद्यावरचे ओझे उतरवून घ्यावे, परंतु त्यांना घरातच ठेवावे, असे काहीसे हे झाले.

भार भिंतींवर नाही, म्हणूनच पुढचा चमत्कार घडू शकला. छप्पर भिंतींवर टेकतच नाही! दोहोंच्या मध्ये सुमारे १० सेंटिमीटरांची फट ठेवलेली आहे. तीतून प्रकाशाची एक रेघ आत येते आणि तो अजस्र भार अधांतरी तरंगत असल्याचा भास होतो. छप्परही भरीव नव्हे. प्रत्येकी ६ सेंटिमीटर जाडीची दोन पातळ कवचे एकमेकींपासून दोन मीटरांहून अधिक अंतरावर बसविली आहेत. दक्षिणेच्या जाड भिंतीत लहानमोठे झरोके आहेत, बाहेरून इवलेसे आणि आतल्या बाजूस ऐसपैस होत गेलेले, किंवा त्याच्या उलट. त्यांतील काचांवर ल कॉर्बुझिएने स्वतःच्या हाताने रंग भरले. २०१४ च्या जानेवारीत चोरट्यांनी त्यांतील एक काच फोडली. चोरांना काय ठाऊक, की खरा ऐवज तीच होती!

तीन बुरुजांतून उतरणारा प्रकाश लहान वेद्यांवर पडतो. एका बुरुजाचा आतला भाग तांबड्या रंगाने रंगविलेला आहे. जमीन टेकडीच्या उताराबरोबरच मुख्य वेदीकडे उतरत जाते. छपरावरचे पावसाचे पाणी पश्चिमेकडील पन्हळीतून खालच्या कुंडात कोसळते. ही पन्हळ आम्हांला साऱ्या वास्तूत अधिक आवडते. उत्तरेकडची बाजू मात्र आम्हांला अजूनही काहीशी रुक्षच वाटते.

हे सारे आम्ही छायाचित्रांवरून व नकाशांवरून सांगत आहो. परंतु ज्या वर्षांत रोंशाँचे काम चालले होते, त्याच वर्षांत या माणसाचे हात चंदीगडात आणि आमच्या शेजारच्या अहमदाबादेतही गुंतलेले होते. साबरमतीच्या काठची गिरणीमालक संघाची इमारत १९५४ सालची. सहलीच्या निमित्ताने तिच्या लांब उतरणीवरून आम्ही चढलो, तेव्हा उघड्या काँक्रीटवर फळ्यांच्या साच्यांचे ठसे दिसले. हात लावला तर लाकडाच्या रेषा बोटांना कळत होत्या. त्या दिवसापासून काँक्रीटला ‘निर्जीव’ म्हणणे आमच्याने होत नाही. २०१६ साली युनेस्कोने ल कॉर्बुझिएची सात देशांतील १७ कामे जागतिक वारशात घेतली. त्यांत रोंशाँ आहे आणि चंदीगडचे राजधानी संकुलही आहे.

आता थोडे घरचे. आमच्या शाळेचे जुने प्रार्थनागृह गेल्या वर्षी उतरविण्यात आले. त्याच्या विटा आवाराच्या भिंतीशी रचून ठेवल्या आहेत. त्यांवर पावसाळ्यात गवतही उगवले. जाणत्यांचे म्हणणे, की या विटा नव्या बांधकामाचा भार पेलणार नाहीत, सबब विकून टाकाव्यात. भार पेलणार नाहीत हे आम्हांला मान्य आहे. पण तो त्यांच्यावर टाका असे म्हणतो कोण? चिंचेभोवती एक कट्टा बांधावा, एवढाच आमच्या वर्गाचा अर्ज आहे. तो मंडळापुढे गेला आहे. निर्णय व्हावयाचा आहे, आणि ढीग हळूहळू कमी होत चालला आहे.

रोंशाँच्या टेकडीवर दगडांखेरीज आणखी एक वस्तू जुन्या मंदिरातून वाचली: मेरीमातेची रंगविलेली लाकडी मूर्ती. पूर्वेच्या भिंतीत काचेच्या झरोक्यात तिला बसविले आहे, तेही फिरत्या बैठकीवर. आत उपासना असली म्हणजे तिचे मुख आत. ८ सप्टेंबरच्या यात्रेला हजारो माणसे लोटतात, तेवढी आत मावत नाहीत. बाहेर गवतावर, उघड्या वेदीसमोर ती जमतात. मग मूर्ती फिरवून तिचे मुख बाहेर, त्यांच्याकडे करतात.