हाक आणि होडी यांच्यामधला माणूस

आपत्तीकाळातील संदेशव्यवहार हा ज्याच्या अभ्यासाचा विषय आहे, त्याला ऑगस्ट 2018 मधील केरळच्या महापुराकडे पुनःपुन्हा वळावे लागते. इडुक्की प्रकल्पाच्या चेरुथोणी धरणाचे दरवाजे 26 वर्षांनी उघडावे लागले, पेरियार आणि पंपा यांचे पाणी घराघरांतून चढत गेले, आणि गच्चीवर अडकलेल्या माणसांनी हातातल्या मोबाइलवरून फेसबुक व व्हॉट्सॲपवर मदतीच्या हाका घातल्या, तेव्हा समाजमाध्यमांचे सामर्थ्य आणि त्यांचे वैगुण्य ही दोन्ही एकाच वेळी प्रकट झाली.

‘देवळामागचे घर, पाच माणसे, एक गरोदर, बॅटरी संपत आली आहे, कृपया पुढे पाठवा’ अशा धर्तीचा मजकूर वाचून कोणाचेही अंतःकरण द्रवेल. परंतु देऊळ कोणते, गाव कोणते, तालुका कोणता आणि मजकूर लिहिला केव्हा, याचा त्यात पत्ता नसतो. शिवाय पुढे धाडलेल्या मजकुरावर मूळ लेखनाची नव्हे, तर पुढे धाडल्याची वेळ उमटत असल्यामुळे, सकाळीच सुखरूप बाहेर पडलेल्या कुटुंबाची हाक रात्रीही ताजीच भासते, आणि सद्हेतूने ती पसरविणारा मनुष्य नकळत दुसऱ्या कोणा बुडणाऱ्याची वाट अडवितो.

यावर केरळने जी तजवीज केली ती मला अत्यंत मोलाची वाटते. शासनाचे माहिती-तंत्रज्ञान मिशन आणि आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेचे तरुण स्वयंसेवक यांनी मिळून एक संकेतस्थळ उभे केले. विखुरलेल्या हाका ठिकाण, दूरध्वनी, गरज अशा तपशिलांसह तेथे दाखल होऊ लागल्या, आणि देशोदेशींच्या मल्याळी माणसांनी त्या क्रमांकांवर फोन करकरून खबरांची शहानिशा केली. प्रत्यक्ष पाण्यात उतरले ते कोळी बांधव. सुमारे 669 होड्या घेऊन त्यांनी 65,000 हून अधिक माणसे बाहेर काढल्याची नोंद आहे. त्यांच्या शौर्याचे गुणगान यथार्थ झाले. पण हाक आणि होडी यांच्यामध्ये बसून निमूटपणे नोंद करणाऱ्याची दखल मात्र फारशी कोणी घेतली नाही.

जानेवारी 2010 मधील हैतीच्या भूकंपातही अशाच मधल्या माणसांचे काम मोलाचे ठरले होते. 4636 या क्रमांकावर क्रेओल भाषेत आलेले लघुसंदेश परदेशस्थ हैतीवासीयांनी भाषांतरित केले, स्थळे ओळखली, आणि मगच ते परकीय मदतपथकांच्या उपयोगी पडले.

अफवांचा प्रश्नही याच अंगाने पाहावा लागतो. मुल्लपेरियार धरणाला गळती लागल्याची ध्वनिफीत केरळात पसरली, तेव्हा मुख्यमंत्र्यांना जातीने खुलासा करावा लागला. खोटा इशारा पसरवून घबराट माजविणाऱ्यास 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम 54 अन्वये एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. परंतु शिक्षा पूर ओसरल्यावर होते, आणि भीतीचे निवारण त्याच घटकेला व्हावे लागते. ते अधिकृत खात्यावरून वेळ नमूद करून, लोकांच्या बोलीत, वारंवार बोलणाऱ्या अंमलदारालाच साधेल.

2019 साली कृष्णा-पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापूरची जी दुर्दशा केली ती पाहिलेल्या आपल्या मुलखात, प्रत्येक जिल्हा नियंत्रण कक्षात असे नोंद करणारे आणि उत्तर देणारे प्रशिक्षित मनुष्यबळ पावसाळ्यापूर्वीच नेमलेले असावे, अशी माझी कळकळीची मागणी आहे. नागरिकांनीही मजकूर पुढे धाडण्याआधी त्यातील क्रमांकावर फोन करावा, दिनांक, वेळ, गाव व तालुका लिहावा, आणि सुटका होताच तसे जाहीर करावे. कारण संकटात सापडलेल्याविषयी वाटणारी करुणा एवढी शिस्त पाळील तरच ती त्याच्या दारापर्यंत पोहोचेल.