गरम पाणी यायला किती वेळ?

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार. नाशिक

हॉटेल उघडायला अजून महिना आहे, पण फरशी घासणारे, सुतार आणि माळी आत्तापासूनच एकमेकांच्या पायात येताहेत. शेठ मूळचे बांधकामातले. गंगापूर धरणाच्या अंगाला त्यांची जमीन पडून होती. वायनरी बघायला येणारी मुंबईची गर्दी वर्षभर असतेच, त्यात पुढच्या वर्षी सिंहस्थाचं ध्वजारोहण. मग काय, हॉटेल! हाउसकीपिंग उभं करून देण्यासाठी मला बोलावलंय.

लॉबीतलं झुंबर त्यांनी सकाळी दाखवलं, जेवण झाल्यावर पुन्हा दाखवलं. ‘ताई, लक्झरी वाटतंय ना?’ मी म्हटलं, सुरेख आहे, पण बल्ब गेला तर चढायचं कसं? शिडी नव्हती. स्टोअरमध्ये नव्हती आणि खरेदीच्या यादीतही नव्हती.

दुपारी टाक्यांपासून सगळ्यात लांबच्या खोलीत गेले, गरम पाण्याचा नळ सोडला आणि हात धरून उभी राहिले. गार. गारच. मग जरा कोमट झालंसं वाटलं, पण ते माझ्या हाताला सवय झाल्यामुळे. गरम म्हणावं असं पाणी यायला दोन मिनिटांच्या वर गेली. नोव्हेंबरातल्या नाशकात सकाळी सहाला अंगावर टॉवेल गुंडाळून नळाशी उभ्या राहिलेल्या माणसाला ही दोन मिनिटं केवढी वाटतात, हे झुंबर बसवणाऱ्याला कुणी सांगायचं?

कारण साधं आहे. चांगल्या हॉटेलात गरम पाण्याची लाइन खोलीपाशी संपत नाही. ती वळसा घेऊन परत बॉयलरकडे जाते आणि एक छोटा पंप रात्रंदिवस ते पाणी फिरतं ठेवतो. त्यामुळे नळ उघडला की क्षणात गरम पाणी. इथे ती रिटर्न लाइन नकाशात होती. कॉन्ट्रॅक्टरने वाचवली. टाइल्सच्या मागचं कुणाला दिसतंय!

११ नोव्हेंबर

शेठना तारे हवेत. त्यांना समजावण्यात सकाळ गेली.

आपल्याकडे तारे देते ती केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची समिती. एक ते पाच, आणि त्याच्या वर पाच तारे डिलक्स. अर्ज करणं ऐच्छिक असतं आणि मिळालेला दर्जा पाच वर्षं टिकतो. समितीचे लोक फूटपट्टी घेऊन येतात. पंचतारांकितला खोली न्हाणीघर सोडून किमान २०० चौरस फूट हवी, न्हाणीघर ४५. हे मोजता येतं, म्हणून मोजतात. अपंगांसाठी खोली, सांडपाण्याची सोय, आगीची यंत्रणा हेही बघतात, आणि ते बघायलाच हवं. पण या सगळ्या श्रेण्यांत ‘लक्झरी’ नावाची श्रेणीच नाही. तो शब्द कुणीही पाटीवर लिहावा. वडापावच्या गाडीवाल्यानेही. सात ताऱ्यांचं तेच. दुबईच्या बुर्ज अल अरबला लोक सप्ततारांकित म्हणतात ते हौसेने. तसा अधिकृत दर्जा त्यालाही नाही.

सरकारची चैनीची रेघ एकाच ठिकाणी दिसते, ती करात. रात्रीचं भाडं साडेसात हजारांपर्यंत असेल तर सप्टेंबरपासून ५ टक्के जीएसटी, त्यावर गेलं की १८. हे ऐकल्यावर शेठ कॅल्क्युलेटर काढून मधल्या वारांचं भाडं सात हजार चारशे ठेवायचा विचार करायला लागले. म्हणजे शनिवार-रविवारी लक्झरी, सोमवारी नाही.

१३ नोव्हेंबर

आज चादरी. या विषयावर मी बोलायला लागले की घरचे उठून जातात, तेव्हा वहीतच बोलते.

हॉटेलात चादरी ‘पार’मध्ये मोजतात. सगळ्या पलंगांना एकदा पुरेल तेवढा संच म्हणजे एक पार. एक पलंगावर, एक धुलाईत, एक कपाटात, असे तीन पार ही जेमतेम सोय. चांगली हॉटेलं चार-पाच ठेवतात. शेठनी ऑर्डर दिली आहे दोनची, आणि कापड मात्र ‘हजार थ्रेड काउंट’. हा आकडा बहुतेक वेळा दोन-दोन, चार-चार पदरी धागा सुटा मोजून फुगवलेला असतो. असं कापड अंगावर जड आणि उन्हाळ्यात घामट. बारीक लांब धाग्याच्या कापसाची, तीनशेच्या आसपासची पर्केल चादर ताणून बसवली की पलंगावर पडल्यापडल्या गार, कुरकुरीत लागते. चादर धुतली, वाळली, इस्त्री झाली की तिला निदान एक दिवस कपाटात पडू द्यावं. विसावा मिळाला तर कापूस टिकतो. दोन पारमध्ये तो मिळणार कुठून? दुपारी बारा वाजता खोली सुटणार, दोनला पुढचा पाहुणा दारात, आणि चादर अजून ड्रायरमध्ये. मग मुलगी काय करते? डाग पडलेली बाजू पायाकडे फिरवते. तिचा दोष नाही. दोन पारचा हिशेब करणाऱ्यानेच तो डाग फिरवून ठेवलेला असतो.

पाच पारचा आकडा लिहून दिला. शेठ म्हणाले, ‘ताई, एवढ्या चादरी नुसत्या कपाटात पडून राहणार?’ हो. पडून राहण्यासाठीच घ्यायच्या.

१७ नोव्हेंबर

मुलींची पहिली तुकडी आली. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या बाजूच्या. काही बारावी झालेल्या, दोघी-तिघी थेट भातकापणी उरकून आलेल्या. पलंग लावायला शिकवला: कोपऱ्याची घडी, गादी न उचलता गुडघा टेकवून चादर आत सारणं, उशीचं तोंड दारापासून उलट दिशेला. एक उंच, गप्प मुलगी दुसऱ्या दिवशीच माझ्यापेक्षा साफ कोपरा काढायला लागली. बाकीच्या तिच्याकडे बघून शिकताहेत.

त्यांची राहण्याची खोली बघून आले. चौदा जणींत दोन न्हाणीघरं, गरम पाणी नाहीच, खिडकी जनरेटरकडे. जिला स्वतःला सकाळी गार पाण्याने आंघोळ करून आठ वाजता मजल्यावर हजर व्हायचंय, ती पाहुण्याच्या न्हाणीघरातल्या गरम पाण्याची काळजी मनापासून करील, ही अपेक्षा मला जरा निलाजरी वाटते. बोलले तसं. शेठ गप्प बसले, मग म्हणाले, ‘सोलर लावू.’ बघू.

१८ नोव्हेंबर

व्यवसायासाठी येणाऱ्यांच्या हॉटेलात एका मुलीला दिवसाला चौदा-सोळा खोल्या देतात. सुटलेली खोली नीट लावायला पाऊण तास लागतो, पाहुणा राहत असलेलीला अर्धा. गुणाकार करून बघावा, त्यात जेवणाची सुट्टी बसत नाही. खऱ्या चैनीच्या हॉटेलात तिच्या वाट्याला आठ-दहा खोल्या येतात आणि संध्याकाळी पडदे ओढून, दिवे मंद करून, पाणी ठेवून जाणारी माणसं वेगळी असतात. त्यामुळे तिला खोलीत दोन मिनिटं नुसतं उभं राहून बघायला सवड मिळते. पाहुण्याने चष्मा टेबलाच्या कोणत्या बाजूला ठेवलाय, दुसरी उशी जमिनीवर टाकलीय का, चहाच्या पुड्या संपल्या आणि कॉफीच्या तशाच आहेत का. मग ती उद्या चहाच्या चार ठेवते. कुणी सांगितलेलं नसतं.

मला विचाराल तर पाहुणा पैसे या सवडीचे मोजतो. शेठच्या अंदाजपत्रकात मार्बलला पान आहे, सवडीला रकाना नाही. आणि मार्बल एकदाच घ्यायचा असतो, सवड दर महिन्याच्या एक तारखेला.

२० नोव्हेंबर

रात्री मॉक रूममध्ये मीच झोपले. तक्रारी:

पलंगाशेजारी काचेचं टचपॅनेल आहे, त्यावर चित्रं. चष्मा काढल्यावर चंद्र कुठला आणि पंखा कुठला कळेना. एक दाबलं तर पडदे उघडायला लागले. अंधारात हाताला लागेल असं एकच बटण द्या, ते दाबलं की सगळं विझावं. टीव्हीचा लाल ठिपका रात्रभर डोळ्यात. दोन पडदे मध्ये बोटभर मिळत नाहीत, त्या फटीतून पहाटे पाचला बाहेरचा हॅलोजन थेट उशीवर. दाराखालच्या फटीतून कॉरिडॉरमधलं बोलणं शब्दन् शब्द ऐकू येतं. दार लागताना आपोआप खाली उतरणारी रबरी पट्टी मिळते, ती बसवली की भागतं. झुंबराच्या एका लोलकाच्या पैशात सगळ्या मजल्यांची दारं होतील, अशी मला शंका आहे.

गादी मात्र उत्तम निघाली. तेवढं लिहायलाच हवं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

फार काम नव्हतं. शेठच्या चिरंजीवांशी गप्पा. शिकून आलेला, हुशार मुलगा आहे. खोलीत आणखी काय काय ठेवता येईल याची यादी त्याने केली होती: कॉफी मशीन, बोलणारा स्पीकर, तापणारी कमोडची सीट.

त्याला म्हटलं, वस्तूंची चैन फार दिवस चैन राहत नाही. १८९८ मध्ये सेझार रिट्झने पॅरिसला हॉटेल काढलं तेव्हा खोलीला लागून न्हाणीघर ही राजेशाही मानली गेली. दहाच वर्षांनी अमेरिकेत बफेलोला स्टॅटलरने ‘दीड डॉलरात खोली आणि न्हाणीघर’ अशी जाहिरात करून ती फिरत्या विक्रेत्यांच्या आवाक्यात आणली. आज एसटी स्टँडसमोरच्या लॉजलाही न्हाणीघर आतच असतं. आपल्या मुंबईचा ताज १९०३ मध्ये उघडला तेव्हा जर्मन लिफ्ट, अमेरिकन पंखे, तुर्की स्नानगृहं यांचा गवगवा होता. आता लिफ्ट आणि पंख्याला कोण विचारतो? (त्या इमारतीचा आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि मिर्झा यांचा, पुढे चेंबर्सनी काम पुरं केलं. वैद्यांचं नाव आपल्या लोकांनाही फारसं ठाऊक नसतं, म्हणून त्याला मुद्दाम सांगितलं.)

त्याने विचारलं, मग काय टिकतं? माणसाला दिलेला अधिकार, असं मी म्हटलं. रिट्झ-कार्लटनचं उदाहरण हॉटेलच्या कॉलेजात सगळीकडे शिकवतात: पाहुण्याची अडचण सोडवायला तिथला साधा कर्मचारीही साहेबाला न विचारता दोन हजार डॉलरपर्यंत खर्च करू शकतो. प्रत्यक्षात तेवढा खर्च क्वचितच होत असेल. पण ‘मॅनेजरना विचारून सांगते’ हे वाक्य तिथे ऐकावं लागत नाही. आपल्याकडची मुलगी फुटलेला ग्लास बदलून द्यायलाही सही आणायला जाते.

‘दोनशे रुपयांपासून सुरू करू या,’ तो हसत म्हणाला. मी म्हटलं, पाचशे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आजच्या तारखेला आमच्या धंद्यातलं कुणीच नेहमीसारखं काम करत नाही. २००८ च्या त्या रात्री ताजमधल्या वेटरांना, टेलिफोन ऑपरेटरांना, स्वयंपाकघरातल्या माणसांना मागचे जिने, बाहेर पडायच्या वाटा तोंडपाठ होत्या. तरी पाहुण्यांना आधी काढण्यासाठी ते थांबले, आणि त्यातले काही परतले नाहीत. २०११ मध्ये हार्वर्डच्या रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी त्यावर लेख लिहिला. हे कुणाच्या हुकमावरून झालेलं नव्हतं, मग झालं कसं, असा त्यांचा शोध होता. महानगरांऐवजी लहान शहरांतून मुलं निवडणं, गुणांपेक्षा स्वभाव बघणं, इतरत्र वर्षभराचं असतं ते प्रशिक्षण दीड वर्षाचं देणं, अशी कारणं त्यांनी मांडली.

हे उदाहरण मी वर्गात देत नाही. सात-साडेसात हजारांची खोली विकणाऱ्याने आपल्या मुलींकडून असल्या त्यागाची अपेक्षा धरणं मला पटत नाही. शेठना मात्र एवढंच विचारलं, ‘दीड वर्ष राहू द्या, तुम्ही मला किती आठवडे देताय?’

आगीचे जिने आणि बाहेर पडायच्या वाटा आज मुलींकडून दोनदा चालून घेतल्या.

२९ नोव्हेंबर

शेठच्या नात्यातली मंडळी पाहुणे म्हणून आणली, सराव म्हणून. आमचे वेटर इतके उत्साही की मिसळीचा घास तोंडात असताना ‘एव्हरीथिंग ओके सर?’ पाच मिनिटांनी पुन्हा. एका आजोबांनी वैतागून विचारलं, ‘काही झालंय का मिसळीला?’

हेही शिकवावं लागतं. लक्ष असावं, पण त्या लक्षाची टोचणी नसावी. ज्याला बोलायचंय त्याच्याशी बोलावं, ज्याने पुस्तक उघडलंय त्याच्या कपात न बोलता चहा घालावा. लेखी पद्धतींत हे उतरवणं कठीण आहे. फोर्ब्ससारख्या संस्थेचे निरीक्षक नाव लपवून येऊन राहतात, शेकडो निकषांवर गुण देतात आणि इमारतीपेक्षा सेवेला कितीतरी जास्त वजन देतात, ते यासाठीच.

ती उंच, गप्प मुलगी आजींना न्हाणीघरात स्टूल ठेवून आली. आजींनी मागितलं नव्हतं. गुडघे बघितले, म्हणाली. चिरंजीवांना ते मुद्दाम सांगितलं. त्यांनी वहीत टिपलं.

२ डिसेंबर

रिटर्न लाइन बसतेय. एका मजल्याच्या टाइल्स फोडाव्या लागल्या, कॉन्ट्रॅक्टर आणि शेठ यांच्यात जे झालं ते वहीत लिहिण्यासारखं नाही. चादरींवर तडजोड झाली: साडेतीन पार, उरलेल्या मार्चनंतर. माणसांवर अजून घासाघीस चालू. मी दर मुलीला दहा खोल्या म्हणते, ते तेरा म्हणतात. मुलींच्या इमारतीवर सोलरच्या नळ्या चढल्या आहेत, जोडायचा माणूस शुक्रवारी येणार. तो येऊन जाईपर्यंत मी मुंबईला जात नाही, असं शेठना सांगून ठेवलंय. शिडी आली.